पहिले चार मुक्काम

मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर गोव्याला जायचं आणि रात्री लॉजऐवजी स्वतःच्या तंबूत काढायच्या, असं ठरवून बसलेली माणसं दिवाळीनंतर हमखास भेटतात. सायकल सर्व्हिसिंगला दिलेली असते, तंबू घरी येऊन पडलेला असतो आणि हातात एक कागद असतो. त्यावर रोजचे किलोमीटर मांडलेले असतात : पहिला दिवस ८०, दुसरा ९०, तिसरा ८५. मी त्या कागदात एकच दुरुस्ती सुचवतो. पहिल्या चार दिवसांचे आकडे खोडा आणि तिथे निम्मे लिहा. पुढचे दिवस हवे तसे ठेवा.

यावर बहुतेकांचे चेहरे उतरतात, कारण रविवारी पहाटे निघून शंभर किलोमीटर मारून जेवायला घरी येणारी ही माणसं असतात. पण रविवारची सायकल रिकामी असते. इथे तंबू, चटई, कपडे, हत्यारं आणि पाणी मिळून बारा-पंधरा किलो वजन मागच्या चाकावर बसतं. त्यात कोकणचा किनारा नकाशात जेवढा सरळ दिसतो तेवढा पायांना लागत नाही. दर खाडीपाशी रस्ता धक्क्यापर्यंत उतरतो आणि पलीकडच्या तीरावर लगेच सड्याकडे चढायला लागतो. मुक्कामाच्या गावी पोचलं की दिवस संपला, असंही नसतं. जागा बघणं, विचारणं, तंबू उभा करणं, अंघोळ, कपडे धुणं, जेवणाची सोय, सायकल पुसणं ही सगळी कामं त्यानंतरची. हात बसलेला नसताना त्यात तीन तास कुठे जातात ते कळत नाही.

शरीराचा हिशेबही वेगळा असतो. नेहमीपेक्षा जास्त राबलेले स्नायू त्याच दिवशी दुखत नाहीत. दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त जाणवतं. म्हणून पहिल्या संध्याकाळी सगळेच खुशीत असतात आणि तिसऱ्या सकाळी सीटवर बसवत नाही. दम लवकर वाढतो, पण गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध तयार व्हायला जास्त वेळ घेतात. जोर आहे म्हणून पहिल्याच दिवशी अवघड गिअरमध्ये चढ मारले, तर त्याची किंमत गुडघा पुढचे आठ दिवस वसूल करतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या संध्याकाळी परत फिरायचा विचार मनात आलाच, तर तो सकाळच्या चहापर्यंत पुढे ढकला. कमी अंतर ठेवलेलं असेल तर चौथ्या दिवशी पाय मोकळे झालेले स्वतःलाच कळतं.

आता प्रत्यक्ष रस्ता. मुंबईतून मुंबई-गोवा महामार्गाने बाहेर पडायच्या फंदात पडू नका. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, २०२० पासून ती सुरू आहे आणि सायकल घेते. तासाभरात तुम्ही शहर मागे टाकून रायगड जिल्ह्यात उतरता. मांडवा ते अलिबाग सुमारे वीस किलोमीटर, तिथून नागाव, चौल आणि रेवदंडा. पहिला मुक्काम नागाव किंवा रेवदंड्याला. दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई, काशीद आणि मुरूड, म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर, मात्र त्यात चढउतार भरपूर. तिसऱ्या दिवशी मुरूडहून आगरदांडा, जंगल जेटीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, दिघी, मग बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. चौथ्या दिवशी समुद्राला बिलगून जाणाऱ्या रस्त्याने श्रीवर्धन आणि पुढे हरिहरेश्वर. एकही दिवस चाळीस किलोमीटरच्या फार पुढे जात नाही.

निघायचा वार सोमवार किंवा मंगळवार ठेवा. शनिवार-रविवारी अलिबागपासून काशीदपर्यंतचा अरुंद रस्ता गाड्यांनी भरलेला असतो आणि नागावच्या पुळणीवर रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालू असतात. लादलेली सायकल सांभाळायची सवय नसताना मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकत कडेच्या मातीत उतरणं त्रासाचं होतं. आठवड्याच्या मधल्या वारी तोच रस्ता निवांत असतो. हंगाम म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. या दिवसांत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहा-साडेसहाला मावळतो. हातात उजेडाचे साधारण अकरा तास राहतात, आणि त्यातलेही दुपारी बारा ते तीन हे तास चढावर घालवण्यासारखे नसतात.

म्हणून उजाडता उजाडता निघायचं, अकरापर्यंत दिवसाचं बहुतेक अंतर उरकायचं, दुपारी सावली बघून आडवं व्हायचं आणि चारच्या आत मुक्कामाच्या गावात शिरायचं. चारचा आग्रह मी मुद्दाम धरतो. उजेडात जागा दिसते, माणसं घराबाहेर असतात, विहिरीवर पाणी चालू असतं आणि खाणावळवाल्या काकूंना रात्रीच्या जेवणाचं सांगता येतं. घरगुती खाणावळीत माणसं मोजून भात टाकतात आणि मासळीही तेवढीच आणतात. आठ वाजता दारात उभं राहिलं तर त्यांचाही नाइलाज असतो. शक्य असेल तर दुपारीच फोन करून ठेवावा.

या मार्गावर चुलाण आणि भांडी बरोबर घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हिमालयात किंवा लडाखात त्यांची गरज पडते. इथे दर सात-आठ किलोमीटरवर चहाची टपरी आहे, सकाळी पोहे नाहीतर उसळ-पाव मिळतो आणि दुपारी राइस प्लेट. बर्नर, गॅस, पातेलं, शिधा हे तीन किलो वाचले की मागचं चाकही सुटकेचा श्वास टाकतं. सुरूच्या बनात पेटवापेटवी तर नकोच. खाली वाळलेल्या काड्यांचा जाड थर असतो आणि तो वाऱ्यावर झपाट्याने पेटतो.

पिशव्यांमध्ये मात्र खाऊ हवा. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर, केळी, गूळ-शेंगदाणे असं काहीतरी हँडलच्या पिशवीत, चालवता चालवता हाताला येईल असं ठेवा. पाऊण तासाने थोडं खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. भूक लागल्याचं कळतं तेव्हा पाय आधीच जड झालेले असतात. पाणी सकाळी निघताना तीन लिटर. कोकणात घाम वाळत नाही, निथळतो, आणि त्याबरोबर मीठ जातं. नुसतं पाणी पिऊन डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर एक लिटर पाण्यात सहा चपटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटाघोटाने प्या. चमचा चहाचा, सपाट भरलेला. दुकानातली ओआरएसची पाकिटं त्याहून सोयीची. टपरीवर सोलकढी किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत मिळालं, तर सोडू नका.

सायकलविषयी थोडंच सांगतो, कारण दुकानदार याबद्दल पुष्कळ सांगतात. टायर ३५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. पुढची सगळ्यात लहान चक्री मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीपेक्षा लहान असेल, तर दिघीचा चढ बसून चढता येतो. नसेल, तर उतरून ढकला आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. कॅरिअरचे बोल्ट हा पहिल्या दोन दिवसांतला खरा विषय आहे. नवं कॅरिअर, नवं वजन आणि खडबडीत रस्ता यामुळे ते बोल्ट पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये सैल होतात. बोल्ट पडला की कॅरिअर एका बाजूला कलतं आणि पिशवी स्पोकमध्ये अडकते. पहिल्या आणि दुसऱ्या संध्याकाळी चार आणि पाचची ॲलन की काढून प्रत्येक बोल्ट आवळा. दोन-तीन जादा बोल्ट आणि मूठभर प्लॅस्टिकचे टाय जवळ ठेवा. त्याच वेळी मागच्या चाकाचे स्पोक दोन-दोन चिमटीत धरून दाबून बघा. एखादा ढिला असेल तर हाताला लगेच लागतो. वजनाने स्पोक तुटायचा तो बहुधा मागच्या चाकाचा आणि तोही चक्रीच्या बाजूचा तुटतो. तो बदलायचा तर चक्री काढावी लागते आणि तिचं हत्यार गावच्या दुकानात मिळेलच असं नाही. मुरूड किंवा श्रीवर्धनसारख्या ठिकाणी सायकल दुरुस्त करणारा सापडतो, मधल्या वाड्यांमध्ये त्याचा भरवसा नाही.

सीटची उंची घरी नेमकी लावलेली असली, तरी वजनासह पहिल्या दिवशी तिच्याकडे पुन्हा लक्ष द्या. गुडघा समोरून दुखत असेल तर सीट बहुतेक खाली आहे, मागच्या बाजूने दुखत असेल तर वर. बदल तीन-चार मिलिमीटरचाच करा आणि अर्धा दिवस चालवून बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, तर हँडलवरची पकड दर दहा मिनिटांनी बदला. बसण्याच्या जागेची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते. गादीच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नये, रोज संध्याकाळी ती धुवावी आणि पूर्ण वाळलेलीच घालावी. दोन जोड हवेतच. कोकणातल्या दमट हवेत एका रात्रीत गादी वाळत नाही. सकाळी ओली चड्डी पिशवीवर बांधून टाकली, की दुपारपर्यंत खडखडीत होते.

आता मुक्काम. परदेशात रस्त्याकडेला तंबूसाठी राखलेली मैदानं असतात, तशी व्यवस्था आपल्याकडे जवळजवळ नाही. आपल्याकडे असतात माणसं, आणि त्यांना विचारावं लागतं. जागा विचारायला मी या क्रमाने जाईन : आधी घरगुती राहायची सोय असलेली वाडी, मग देऊळ, मग शाळा. नागाव, दिवेआगर, हरिहरेश्वर इथे नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये खोल्या भाड्याने देणारी कुटुंबं खूप आहेत. आठवड्याच्या मधल्या वारी अंगणात तंबू लावू द्यायला आणि न्हाणीघर वापरू द्यायला ती थोडक्या पैशात तयार होतात. देवळात पुजाऱ्यांना किंवा विश्वस्तांना विचारावं. आवारात मासे-अंडी-दारू नको, हे सांगायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नये. शाळेचं मैदान हवं असेल तर मुख्याध्यापक नाहीतर सरपंच यांची परवानगी घ्यावी आणि मुलं यायच्या आत आवरून निघावं. कुठेच जमलं नाही, तर पोलीस पाटलांना गाठावं. गावात कोण कुठे उतरलंय हे त्यांना माहीत असलेलं तुमच्याही सोयीचं असतं.

विचारण्याची एक रीत आहे. अंगणाच्या बाहेर सायकल उभी करावी, हेल्मेट आणि गॉगल काढावा, आणि आपण कोण, कुठून आलो, उद्या किती वाजता निघणार हे आधी सांगावं.

‘काकू, मुंबईहून सायकलने आलोय. उद्या सकाळी सहाला निघणार. आज रात्रीपुरता इथे तंबू लावला तर चालेल का?’

‘तंबू कशाला? पडवी मोकळीच आहे की. चूळ भरा, चहा टाकते.’

असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच असते. मग तंबूचा हट्ट धरू नका, पडवीतच पथारी टाका. सकाळी पैसे पुढे केले तर बहुधा नाही म्हणतात, आणि आग्रह केला तर अवघडतात. त्यांच्याकडे आंबोशी, कोकमं, पोह्याचे पापड, आंबापोळी असं काही विकायला असेल तर ते घ्यावं, किंमत सांगतील ती द्यावी. बायका एकट्या किंवा दोघी जात असतील, तर पहिल्या चार दिवसांत उघड्या जागी तंबू लावूच नये. घराच्या आवारातच लावावा आणि जागा घरातल्या बाईमाणसाला विचारून ठरवावी. पुढचा मुक्काम कुठे आहे, हे रस्त्यात कुणी चौकशी केली तरी नेमकं सांगू नये. घरच्यांना मात्र रोज कळवावं.

पुळणीवर तंबू लावायची हौस सगळ्यांनाच असते, म्हणून तिथे जरा थांबतो. समुद्रावर पोचायची तुमची वेळ चार-पाचची. समजा, त्या दिवशी पौर्णिमा आहे. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना ठोकताळा असा की तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास, दिवसाही आणि रात्रीही. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी पाच-साडेपाचला तुम्ही बघता तेव्हा समुद्र सगळ्यात आत गेलेला असतो, पुळण लांबच लांब पसरलेली असते आणि तंबूला वाट्टेल तेवढी जागा दिसते. त्याच रात्री अकरा-बाराला उधाणाचं पाणी महिन्यातलं सगळ्यात वर आलेलं असतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी फार चढत नाही, पण तेव्हाही अंदाज नजरेवर सोडू नये. वाळूत काटक्या, शेवाळ, थर्माकोलचे तुकडे यांची आडवी ओळ दिसते. सगळ्यात वरची ओळ शोधायची आणि तिच्याही मागे, सुरूच्या झाडांच्या आत जायचं.

पुळणीवर तंबू न लावायचं दुसरं कारण कासवांचं. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. दिवेआगर आणि हरिहरेश्वर या दोन्ही पुळणींवर त्यांची घरटी सापडतात, आणि खाडीपलीकडचं वेळास तर कासवांच्या संवर्धनासाठी देशभर ओळखलं जातं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे हे काम उभं केलं. मादीला वाळूवर उजेड, हालचाल दिसली तर ती अंडी न घालता परत फिरते. पिल्लं तर उजेडाकडेच चालत जातात, आणि तो उजेड डोक्यावरच्या बॅटरीचा असला तर समुद्राऐवजी जमिनीकडे जातात. या गावांमध्ये पुळणीवर तंबू, शेकोटी किंवा बॅटरी नकोच. घरट्याची राखण करणारा गावकरी रात्रीच्या फेरीवर भेटला आणि त्याने हटकलं, तर त्याचं ऐका.

काशीद आणि मुरूडच्या मधल्या डोंगरावर फणसाड अभयारण्य आहे, १९८६ सालापासूनचं. रस्त्यालगतची झाडी कितीही मोहात पाडत असली, तरी तिथे शिरून मुक्काम करू नये. त्यापेक्षा पुढे मुरूडला जावं.

तंबूची जागा नारळाखाली नको, हे वाडीतले लोक स्वतःहूनच सांगतात. नारळ पडतो तशी वाळलेली झावळही पडते, आणि ती तंबू फाडायला पुरेशी असते. आंब्याच्या झाडावर ओंबील म्हणजे लाल मुंग्यांची पानं चिकटवून केलेली घरं असतात, तेव्हा वर बघून घ्या. दगडांचा ढीग, पडका गडगा, पाचोळा यांच्यापासून लांब राहा. कोकणात फुरसं सगळीकडे आहे, ते लहान असतं आणि मातीच्या रंगात मिसळून जातं. तंबूची चेन कायम बंद ठेवावी, रात्री उठताना पायापुढे बॅटरी मारावी, बूट सकाळी उलटे करून आपटावेत. चावलंच तर जखमेवर ब्लेड चालवणं, ती चोखणं, घट्ट आवळून बांधणं असले उपाय करू नयेत. अवयव हलू न देता १०८ ला फोन करावा आणि माणसाला सरकारी दवाखान्यात न्यावं.

वाळूत किंवा भुसभुशीत मातीत तंबूच्या मेखा धरत नाहीत. एक सोपी युक्ती आहे. दुकानातल्या कापडी पिशवीत वाळू भरायची, तोंडाला तंबूची दोरी बांधायची आणि कोपरभर खोल खड्ड्यात ती पिशवी आडवी पुरून वरून पायाने दाबायची. वाऱ्याला ती हलत नाही. सकाळी वाळू रिकामी केली की पिशवी घडी करून खिशात मावते. अशा चार पिशव्या न्याव्यात. वाऱ्याची दिशाही इथे ठरलेली असते : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री उशिरा जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. म्हणून तंबूची दोन्ही तोंडं पूर्व-पश्चिम ठेवावीत आणि दोन्हीकडची जाळी उघडी ठेवावी. बंद तंबूत श्वासाची वाफ आतून कापडाला धरते आणि पहाटे अंगावर टपटपते. बाहेरून दव पडतंच. ते इतकं असतं की वरचं कापड पिळून काढावं लागतं. त्याला वाळायला नऊ वाजतात आणि तुम्हाला सहाला निघायचं असतं. तेव्हा ओलं कापड वेगळ्या पिशवीत घ्या आणि दुपारी सावलीला थांबाल तिथे उन्हात पसरा. विसरलात तर रात्री वास येतो. झोपायची जाड पिशवी घरी ठेवा. कोकणात डिसेंबरातही एक चादर आणि एक पातळ शाल पुरते.

पहिल्या सकाळी सामान भरायला दीड-दोन तास लागतील, हे धरूनच उठा. बांधाबांधीचा एक क्रम ठरवा आणि तो बदलू नका. डाव्या पिशवीत कपडे, उजवीत हत्यारं-ट्यूब-औषधं, जड वस्तू तळाला, तंबू सगळ्यात वर, संध्याकाळी पोचल्याबरोबर लागणाऱ्या वस्तू एका वेगळ्या पिशवीत. बॅटरी रोज एकाच खिशात. तिसऱ्या रात्रीपर्यंत अंधारातही हात बरोबर त्याच खिशात जातो. दुसऱ्या मुक्कामावर एकदा सगळं सामान चटईवर मांडा. ज्या वस्तूला दोन दिवसांत हात लागलेला नाही, ती वेगळी काढा. त्यातून औषधं, पंक्चरचं सामान आणि पावसाचं जाकीट परत आत ठेवा. बाकीचं मुरूडच्या पोस्टातून पार्सल करून घरी पाठवा. जीनची पँट, दुसरा टॉवेल, जाड पुस्तक, कुलूप-साखळी : दीड-दोन किलो तरी निघतातच.

तिसऱ्या दिवशी आगरदांड्याला पहिली जंगल जेटी लागते. गाड्या चढून झाल्या की सायकलवाल्यांना बोलावतात. सायकल कठड्याला टेकवून दोरीने बांधा, उभी सोडू नका, बोट हलली की लादलेली सायकल आडवी होते. उतरताना फळकुटावर बऱ्याचदा खारं पाणी आलेलं असतं, त्यातून चाक आणि चेन जाते. पलीकडे दिघीला पोचलं की पुढे पळायच्या आधी पाच मिनिटं द्या. बाटलीतलं गोडं पाणी चेनवर आणि चक्रीवर ओता, जुन्या कापडात चेन धरून पायडल उलटं फिरवा, कापड कोरडं निघेपर्यंत. मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून टाका, नाहीतर धूळ बसते. हे टाळलं तर दोन दिवसांत चेनवर तांबूस गंज दिसायला लागतो आणि चढावर गिअर कुरकुरतात. दिघीहून वर येणाऱ्या रस्त्यावर बंदराची ट्रकांची वाहतूक असते, तेवढा भाग सकाळीच पार केलेला बरा. बोर्ली पंचतनला बाजार आणि एटीएम आहे. पुढच्या वाड्यांमध्ये मोबाइलला रेंज नसली तर पैसे देता येत नाहीत, म्हणून सुट्ट्या नोटा इथेच भरून घ्या.

अंतर कमी ठेवल्याचा आणखी एक फायदा या चार दिवसांत मिळतो. कोर्लईला किल्ल्यावर जाता येतं. खालच्या गावात पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते, ती कानावर पडते. मुरूडजवळच्या राजपुरीहून होडीने जंजिऱ्याला जाऊन दुपारपर्यंत परतता येतं. दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता तर मी कुणालाही घाईत पार करू देणार नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट खडकांवर फुटणारं पाणी, मध्ये कोळीवाडे आणि रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली सुकट. ऐंशी किलोमीटरचा आकडा डोक्यात असलेला माणूस इथून मान खाली घालून जातो.

दोघं-तिघं मिळून जात असाल, तर सगळ्यात मागच्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग. चढाच्या माथ्यावर थांबणाऱ्याने मागचा आल्या आल्या निघू नये, त्यालाही दम खायला तेवढीच मिनिटं द्यावीत. पहिल्या चार दिवसांत होणारी बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. आणि कुणाचं खरंच बिनसलं, ताप आला, गुडघा सुजला, तर परतीची वाट आधीच ठाऊक हवी. मुरूडपर्यंत असाल तर अलिबाग-मांडवा मागे आहेच. श्रीवर्धनहून म्हसळ्यामार्गे माणगाव पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथे कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. श्रीवर्धनहून सायकल टेम्पोत टाकून तिथवर येता येतं आणि पार्सल म्हणून गाडीने पाठवता येते.

पाचव्या दिवशी हरिहरेश्वरहून बागमांडल्याला यायचं आणि जेटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. तिथून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो, आणि बाणकोटच्या पुढे केळशीपर्यंतचे चढ आतापर्यंतच्या कुठल्याही चढापेक्षा कडक आहेत. पहिली फेरी किती वाजता सुटते, ते आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. त्या दिवशी पन्नास किलोमीटर धरायला हरकत नाही.